एकट्या वकिलाचा उजवा हात

गावोगावाहून आलेले वकील बंधू-भगिनी, आणि कोणा एकाच्या नोकरीत न राहता अनेक वकिलांची कामे सांभाळणाऱ्या कायदा-साहाय्यक मित्रांनो,

कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावरच्या या कराडात स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनापासून स्वागत करतो. यशवंतराव चव्हाणांनी काही काळ याच गावात वकिली केली, याचा आम्हा कराडकरांना अभिमान आहे.

तालुक्याचा वकील बहुधा एकटाच असतो. सकाळी पक्षकार, अकराला बोर्ड, दुपारी उलटतपास, रात्री निशाणी 5 चा मसुदा. सातबारा, फेरफार, इंडेक्स टू काढणे, नकलेचा अर्ज देणे, ई-फायलिंगसाठी कागद स्कॅन करणे हेही त्यानेच करायचे. पूर्ण पगाराचा माणूस परवडत नाही. मग काही ना काही राहून जाते.

माझेच सांगतो. वकिलीच्या सुरुवातीला एका दुकानदाराचा न वटलेला चेक माझ्याकडे आला. कलम 138 ची नोटीस बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत जायला हवी. माझी 31 व्या दिवशी गेली. चेकची मुदतही संपली होती, त्यामुळे तो पुन्हा भरता आला नाही. त्या माणसाने मला एका शब्दाने दुखावले नाही, पण आजही त्याच्या दुकानावरून जाताना पाय जड होतो. तेव्हा मुदतींची डायरी ठेवणारे कोणी आठवड्यातून दोन संध्याकाळी जरी आले असते, तरी ते टळले असते.

18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. ज्या अपिलासाठी मुंबई गाठावी लागे, ते आता आपल्यातला लहान वकीलही स्वतः चालवू शकतो. मात्र खालच्या कोर्टातले मराठी जबाब, खरेदीखते इंग्रजीत करायची, पानांना क्रमांक घालायचे, पेपरबुक बांधायचे, यासाठी जाणता हात लागतो. साहाय्यकांनो, तुमच्यासाठी यापेक्षा मोठी संधी मला दिसत नाही.

मर्यादाही स्वच्छ असाव्यात. 1961 च्या अधिवक्ता अधिनियमानुसार वकिली वकिलानेच करायची. पक्षकाराला सल्ला आणि मसुद्याची अखेरची जबाबदारी त्याचीच. साहाय्यकावर ती ढकलणारा वकील दोघांनाही अडचणीत आणतो. दुसरी गोष्ट गोपनीयतेची. भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 132 वकिलाच्या कारकुनाला आणि कर्मचाऱ्याला गोपनीयतेने बांधते. पाच वकिलांकडे काम करणारा स्वतंत्र माणूस त्या शब्दांत बसतो की नाही, यावर वाद घालत बसण्यापेक्षा लेखी करार करावा. एकाच दाव्यात दोन्ही बाजूंचे काम घेणार नाही, हे त्यात पहिलेच कलम असावे.

आणि मोबदला. ‘पक्षकाराने फी दिली की बघू’ हे आपल्या धंद्यातले वाईट वळण आहे. मसुद्याचे, भाषांतराच्या पानाचे, कोर्टातल्या फेरीचे दर आधी ठरावेत आणि काम हाती आले की पैसे द्यावेत. पक्षकाराची फी थकली, तो भार साहाय्यकाने का सोसायचा?

स्वागत समितीने अशा कराराचा दोन पानी मराठी नमुना तयार केला आहे. तो दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. वाचा, लाल पेनाने दुरुस्त्या करा आणि जेवणाच्या सुट्टीआधी आमच्याकडे परत द्या.