पुढचे ब्रेक पॅड घरी बदलायचे तर
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त संस्थेच्या पार्किंगमध्ये सभासदांपुढे केलेले भाषण)



आपण मलकापूरची माणसं. रत्नागिरीकडं निघालो की आंबा गाव ओलांडून घाट लागतो. साखरप्याकडं उतरताना ब्रेकवर किती ताण येतो, हे इथं कुणाला सांगायला नको. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढं झुकतं, म्हणून पुढचे पॅड आधी झिजतात. ते घरी बदलायचे झाले तर हाताशी काय पाहिजे, एवढाच आजचा विषय. काम अवघड नाही. पण अर्धवट हत्यारांनी केलं तर जिवावर बेततं.

पहिलं हत्यार पाना नव्हे, स्टँड. डिकीतला जॅक गाडी उचलायला दिलेला असतो, धरून ठेवायला नाही. पंक्चर चाक बदलण्यापुरता तो ठीक. ब्रेकचं काम मात्र तास-दीड तास चालतं. बोल्ट सुटेना की आपण पान्याला हिसके देतो, आणि हिसक्यानं जॅक कलंडतो. म्हणून दोन लोखंडी स्टँड घ्यायचे, त्यांवर लिहिलेली वजनक्षमता बघून, आणि गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच लावायचे. आपल्याकडं जांभ्याचा चिरा किंवा विटांची थप्पी लावायची सवय आहे. चिरा भिंतीत उत्तम! पण लोखंडाच्या एका टोकावर गाडीचं वजन आलं की तो फुटतो, आणि फुटायच्या आधी सांगत नाही. चिरा वापरायचाच तर मागच्या चाकाला अडसर म्हणून. जमीन सपाट हवी, हँडब्रेक ओढलेला हवा, आणि पेव्हिंग ब्लॉकवर जॅकखाली जाड फळी.

मग पाने. चाकाचे नट बहुतेक लहान गाड्यांना 19 किंवा 21 चे; ते गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करायचे. आत कॅलिपरचे बोल्ट बहुधा 12 ते 14 चे, पण काही गाड्यांना 7 ची ॲलन की लागते, तेव्हा आधी बघा, मग खरेदी करा. सॉकेट सहाकोनी घ्या. बाराकोनी सॉकेट घट्ट बोल्टचे कोपरे खातो.

कॅलिपरचा पिस्टन मागं ढकलायला साधा सी क्लॅम्प पुरतो, मध्ये जुना पॅड ठेवून. त्या वेळी टाकीतलं ब्रेक ऑइल वर चढतं, म्हणून एक सिरिंज जवळ असू द्या. ते रंगावर सांडलं तर रंग जातो. सुटा कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेनं बांधायचा. वायर ब्रश, ब्रेक क्लीनर, तोंडाला मास्क. धूळ हवेनं उडवायची नाही. पिनांना ब्रेकचंच ग्रीस. चेसिसचं ग्रीस रबर फुगवतं.

डिस्कची जाडी मोजायला व्हर्नियर हवा. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. डिस्क बिडाची. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमुळं बीड म्हणजे काय हे कोल्हापूरकराला नव्यानं शिकवायला नको.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 ताजं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर मात्र 155 च्या आसपासही उकळू शकतं. घाटात तापलेल्या ब्रेकला हा फरक भारी पडतो, पेडल मऊ होतं. अर्धी बाटली पुढच्या वर्षाला ठेवू नका. आणि उतारावर खालचा गिअर, हे पॅड नवे असले तरी.

शेवटी टॉर्क रेंच. नट पायानं दाबून आवळणं ही आपली पद्धत; पुस्तकातला आकडा बघून, समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळा. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत मारा. हे विसरलं तर पहिल्याच ब्रेकला पाय फळीला टेकेल. पिस्टनमधून ऑइल गळताना दिसलं किंवा डिस्क किमान जाडीखाली गेली असली, तर तिथंच थांबून मिस्त्रीला बोलवा.

हे सगळं प्रत्येक घरानं घ्यायची गरज नाही. दोन स्टँड, टॉर्क रेंच आणि सी क्लॅम्प संस्थेच्या खोलीत ठेवावेत आणि नेणाऱ्यानं वहीत सही करावी, असा अर्ज मी समितीकडं दिला आहे. आता पुढं या, एक चाक उतरवून दाखवतो. मुलांना मात्र दोरीच्या अलीकडंच थांबवा.