लेखी मागा, कानाने ऐका
(तंजावूर येथे रेल्वेत नव्याने रुजू झालेल्या मराठी भाषिक अभियंत्यांसमोर केलेले भाषण)



घरापासून इतक्या लांब, तंजावूरला नेमणूक झाली म्हणून तुमच्यापैकी काहींचे चेहरे उतरलेले दिसतात. पण हे गाव आपल्याला परके नाही. सरफोजी राजांनी 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास इथल्या बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. आज दोनशेहून अधिक वर्षे झाली, तो वाचता येतो. लिहिलेले टिकते. आम्हाला आज जे सांगायचे आहे, त्याचा संबंध याच गोष्टीशी आहे.

तुम्ही जुन्या, मुरलेल्या आस्थापनेत आला आहात. नागपट्टणम ते तंजावूर गाडी 1861 साली धावली. 1874 मध्ये साउथ इंडियन रेल्वे कंपनी झाली. पहिला रूळमार्ग ब्रॉडगेज होता, 1875 मध्ये तो मीटरगेज केला आणि आता तो पुन्हा ब्रॉडगेज आहे. 1944 मध्ये कंपनी सरकारजमा झाली, 1951 मध्ये दक्षिण रेल्वे झाली. मालक बदलले, रुळांची रुंदी बदलली, पण रुळाखालची खडी नीट करणारा कामगार तिथेच राहिला. पूर्वी त्याला गँगमन म्हणत, पुढे ट्रॅकमन म्हणू लागले.

अशा आस्थापनेत अभियंत्याला काय मिळते? पगार वेळेवर मिळतो, पास मिळतो, क्वार्टर मिळते. प्रत्येक कामाचा नियम छापलेला असतो. ही लहान गोष्ट नाही. खाजगी ठेकेदाराकडे राबणाऱ्या इंजिनिअरला विचारा, तो सांगेल. पण इथे अडचणही आहे. वर अधिकारी, खाली गँग आणि मध्ये तुम्ही. अधिकारी तुम्हाला कामगार समजतात, कामगार तुम्हाला साहेब समजतात. आणि काही बिघडले की कागदावर सही तुमची असते.

आमच्याच एका सेक्शनमधली गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही. पावसाळ्याचे दिवस होते. पंचवीस वर्षे लाइनवर चाललेला कीमन नव्या अभियंत्याला म्हणाला, "साहेब, हा भराव दुसऱ्या पावसात बसतो." पोराने मोजमाप घेतले, तेव्हा फरक थोडाच होता. तरी त्याने कीमनचे ऐकले आणि ताशी 20 किलोमीटरचे कॉशन लावले. गाड्यांना उशीर होऊ लागला. फोन सुरू झाले. चौथ्या दिवशी वरून निरोप आला, उद्या सकाळी कॉशन काढा. तोही तोंडी!

रात्री पोरगा युनियनच्या कचेरीत आला. त्याला घाम फुटला होता. आम्ही मॅट्रिक शिकलेले, त्याला इंजिनिअरिंग काय शिकवणार? एवढेच म्हणालो, "बाबा रे, लेखी माग." त्याने कळवले, "लेखी आदेश द्यावा, त्याप्रमाणे करतो." लेखी आदेश आला नाही. कॉशन राहिले. पुढच्या पावसात भराव खरोखरच बसला, पण गाडी सावकाश असल्यामुळे कुणाला इजा झाली नाही. अपघात झाला नाही, म्हणून बातमी नाही आणि शाबासकीही नाही. सहा महिन्यांत त्याची बदली मात्र झाली. ती आम्हाला रोखता आली नाही, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. एकटा एक माणूस लढला आणि आम्ही उशिरा जागे झालो.

अशा वेळी दुर्लक्ष झाले तर काय होते, ते इथून फार दूर नसलेल्या अरियलूरने पाहिले आहे. नोव्हेंबर 1956 मध्ये पुराच्या पाण्याने पुलाजवळचा मार्ग खचला आणि तुतिकोरीन एक्स्प्रेसमधले शंभरावर प्रवासी गेले. रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. मंत्र्याने जबाबदारी मानली. मग आपण तोंडी निरोपाच्या आड का लपावे?

दुसरे उदाहरण चांगले आहे. डिसेंबर 1964 च्या वादळात पांबनचा पूल मोडला. याच दक्षिण रेल्वेतले तरुण अभियंते ई. श्रीधरन यांच्यावर काम सोपवले. समुद्रात वाहून गेलेले गर्डर शोधून, वर काढून, पूल 46 दिवसांत उभा राहिला. नाव अभियंत्याचे झाले, ते योग्यच. पण समुद्रातून गर्डर काही एका माणसाने ओढले नाहीत. त्यात शेकडो हात होते.

म्हणून तुमच्याकडे तीन मागण्या आहेत. एक, कीमन आणि मुकादम काय म्हणतो ते ऐका आणि त्याच दिवशी डायरीत लिहा. भाषा येत नसेल तर तमिळ शिका. खडी, रूळ, पाणी, धोका हे शब्द आधी शिका. दोन, सुरक्षेच्या बाबतीत तोंडी हुकूम आला तर नम्रपणे लेखी मागा. नम्रपणा सोडू नका आणि मागणीही सोडू नका. तीन, एकटे राहू नका. बदलीचा कागद हातात पडल्यावर युनियन आठवण्यापेक्षा, पहिला फोन आला त्याच दिवशी या.

तुमची सही ही गँगच्या जिवाची आणि प्रवाशाच्या जिवाची हमी आहे. ती कुणाच्या फोनवर देऊ नका.

एवढे बोलून आम्ही आमचे चार शब्द संपवतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!