धानाचा पैसा आणि रात्रीचे नाटक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दिवाळी जवळ आली की झाडीपट्टीतल्या गावागावांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : यंदा आपल्याकडे नाटक कोणते? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या जंगलपट्टीत भाऊबीजेपासून मंडई भरू लागतात. दिवसा मंडई किंवा शंकरपट आणि रात्री नाटक, असा हा क्रम होळीपर्यंत चालतो. नाटक रात्री नऊ-दहाच्या सुमारास सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. त्यात गाणी असतात, ऑर्गन-तबला-ऑक्टोपॅडची साथ असते, विनोदी पात्र असते, लावणी असते आणि शेवटी दुर्जनाचे पारिपत्य असते. येत्या हंगामासाठी वडशाला, म्हणजे सरकारी दप्तरातल्या देसाईगंजला, नाट्यमंडळांची कार्यालये उघडतात, नव्या नाटकांची रंगीत पत्रके छापली जातात आणि गावोगावची माणसे तारखा धरण्यासाठी तेथे येऊ लागतात.

या रंगभूमीविषयी शहरातला सुशिक्षित माणूस दोन प्रकारे बोलतो. एक तर तो ‘लोककला’ म्हणून तिचे कौतुक करतो, किंवा भडक म्हणून नाक मुरडतो. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटते. ही रंगभूमी म्हणजे एक आर्थिक संस्था आहे. ती चालवण्यासाठी कोणी पैसा घालतो, कोणी मेहनत करतो, कोणी जोखीम पत्करतो आणि कोणी नफा घेतो. २०२२ साली ‘झॉलीवूड’ या चित्रपटामुळे आणि २०२३ साली येथील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना मिळालेल्या पद्मश्रीमुळे झाडीपट्टीचे नाव मुंबई-पुण्यापर्यंत गेले, ही आनंदाची गोष्ट. परंतु पद्मश्रीने हिशेबाचे प्रश्न सुटत नसतात.

मूळ जुने आहे. दंडार, खडीगंमत यांसारख्या प्रकारांतून ही परंपरा वाढली. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीचे आणि तिच्या लोकपरंपरेचे मोल मराठी वाचकांपुढे मांडले. पूर्वी गावातलेच पुरुष स्त्रीभूमिका करीत. पुढे व्यावसायिक अभिनेत्री आल्या, नागपूर आणि त्याहून दूरची नटमंडळी येऊ लागली, आणि गावातल्या हौशी मंचाची जागा हळूहळू फिरत्या मंडळांनी घेतली. मात्र एक गोष्ट बदलली नाही. नाटक गावात आणतो तो गावच.

ही व्यवस्था नीट समजून घेण्याजोगी आहे. गावातील तरुणांचे किंवा वडीलधाऱ्यांचे एक मंडळ असते. ते वडशाला जाते, पत्रके पाहते, कोणत्या नाटकात कोण नट आहे याची चौकशी करते, घासाघीस करते आणि बयाणा देऊन रात्र ठरवते. ठरलेल्या दिवशी नाट्यमंडळ रंगमंच, पडदे, दिवे आणि ध्वनिक्षेपक घेऊन येते. मांडव, कुंपण, तिकीटविक्री आणि बंदोबस्त हे सारे गावचे काम. खुर्चीचे तिकीट वेगळे, जमिनीवर बसण्याचे वेगळे. ठरलेली रक्कम नाट्यमंडळाला द्यावयाची आणि वर जे उरेल ते गावचे. अनेक गावांत हा उरलेला पैसा देवळाच्या, शाळेच्या किंवा सभागृहाच्या कामी लागला आहे. मोठ्या गावात तर एकाच रात्री दोन-तीन मंडळांची दोन-तीन नाटके परस्परांशी स्पर्धा करीत उभी राहतात, आणि आजूबाजूच्या गावांची माणसे त्या सगळ्यांना पुरतात!

तिकिटाचा पैसा हा या उलाढालीचा दिसणारा भाग झाला. त्या रात्री गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे असतात. लेकी-जावई येतात, सोयरे येतात. मुलगी दाखवण्याचे, सोयरीक जुळवण्याचे काम याच दिवसांत उरकले जाते. नाटकाच्या निमित्ताने गाव स्वतःला भेटतो असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही. आणि हा खर्च कोणत्याही हिशेबवहीत येत नाही. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ग्राहक आणि विक्रेता हे दोन स्वतंत्र माणूस असतात. येथे तिकीट विकणारा, तिकीट घेणारा आणि नफ्याचा धनी हे तिघेही बहुधा एकाच गावचे, कित्येकदा एकाच घरचे असतात.

हा पैसा येतो कोठून? तो धानाचा पैसा आहे. पूर्व विदर्भ हा माजी मालगुजारी तलावांचा आणि धानाच्या बांध्यांचा प्रदेश. कापणी आणि मळणी झाली की हातात वर्षातली मुख्य रोकड येते, आणि नाटकाचा हंगाम नेमका त्याच वेळी बसतो, हा योगायोग नव्हे. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी केंद्र सरकारने साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरवला होता. हा आकडा कागदावर असतो. खरेदी केंद्र वेळेवर उघडले नाही, किंवा विकलेल्या धानाचे चुकारे लांबले, की शेतकरी व्यापाऱ्याच्या दारी जातो आणि मिळेल त्या भावाने माल घालतो. त्याचा परिणाम सर्वांत आधी कोठे दिसत असेल, तर तो मांडवात. मंडईची तारीख पंचांगाप्रमाणे येते, चुकारे मात्र पंचांग पाहत नाहीत. म्हणून कार्यकर्त्यांनी खरेदी केंद्रांचा प्रश्न आणि रंगभूमीचा प्रश्न असे दोन वेगळे कप्पे करू नयेत.

आता जोखमीचा विचार करू. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ साली प्रयोगकलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचा मुद्दा साधा होता. कारखान्यात यंत्र सुधारले की तेवढ्याच मजुरांकडून अधिक माल निघतो. नाटकात तसे होत नाही. दहा पात्रांच्या नाटकाला शंभर वर्षांपूर्वी दहा माणसे लागत होती आणि आजही दहाच लागतात. बाकी समाजातली मजुरी वाढत जाते तशी नटांचीही वाढवावी लागते, परंतु उत्पादकता तेथेच राहते. म्हणून प्रयोगाचा खर्च सतत चढत राहतो आणि तो भरून काढण्यासाठी अनुदान किंवा देणगी लागते. पाश्चात्त्य देशांतील अनेक नाट्यसंस्था अशाच आधारावर टिकून आहेत.

झाडीपट्टीला असा मोठा आश्रयदाता कधी लाभला नाही. तरीही ती टिकली, याचे श्रेय उघड्या मैदानाला आणि तालमींच्या काटकसरीला. मैदानात शहरी नाट्यगृहापेक्षा कितीतरी अधिक माणसे बसतात, हा एक भाग. दुसरा भाग कमी सुखाचा आहे. तालमी थोड्या होतात. नट आज या मंडळात तर उद्या त्या मंडळात असतात, संवाद पाठ करण्यास अवसर नसतो, आणि मग सगळा भार विंगेतल्या प्रॉम्प्टरवर पडतो. चांगल्या प्रॉम्प्टरला येथे जी किंमत आहे ती शहरातल्या रंगभूमीवर क्वचितच असेल. प्रॉम्प्टर वाक्य पुरवतो आणि नट त्यात जीव ओततो, हे कसब थोर आहे. पण त्याचा अर्थ असाही आहे की खर्चवाढीचा बोजा कलावंताच्या झोपेतून आणि तालमीतून वसूल केला जातो.

बोजा तेवढ्यावर थांबत नाही. अवकाळी पाऊस आला, गावात मृत्यू झाला, किंवा शेजारच्या गावी अधिक नामांकित नट आला, तर त्या रात्रीचा तोटा कोणाचा? बयाणा गेलेला असतो, म्हणून तो गावच्या मंडळाचा. आणि रात्र बुडाली तर मानधनही बुडते, म्हणून तो नटांचा, वादकांचा, पडदे ओढणाऱ्यांचा. व्यवहार बहुतांशी तोंडी असतो आणि तोंडी व्यवहारात दुबळ्याचे म्हणणे ऐकले जात नाही.

मोठ्या संकटांनीही हेच दाखवून दिले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली तेव्हा शंकरपट थांबले. प्राण्यांच्या यातनांचा मुद्दा गंभीर होता, त्याची टवाळी करण्याचे कारण नाही. परंतु शंकरपटाच्या गर्दीवर ज्या गावांची नाटके उभी होती त्यांचा आधार गेला, याचा विचार कोणी केला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात नियमांच्या चौकटीत शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती व्यवस्था मान्य केली. मधल्या काळात कोरोना आला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पुढचा हंगाम जवळजवळ हातचा गेला. २०२१ साली राज्य शासनाने प्रयोगात्म कलांतील कलावंतांना एकरकमी ५,००० रुपये देऊ केले. चार महिन्यांच्या कमाईवर वर्षाचा बराचसा संसार चालवणाऱ्या माणसाला ५,००० रुपये! उरलेले महिने यातले पुष्कळ जण शेतीवर, रोवणीच्या मजुरीवर किंवा मिळेल त्या कामावर काढतात.

येथे कायद्याची एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतील सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेने दृक्‌श्राव्य कामगारांची व्याख्या केली आहे. त्यात चित्रपट, मालिका, जाहिराती यांतील नट, गायक, वादक, नर्तक येतात आणि त्यांच्याशी लेखी करार करण्याची तरतूद आहे. समोर कॅमेरा असला की नट हा कामगार ठरतो. समोर हजार माणसे बसलेली असली तर या व्याख्येत त्याला जागा नाही. रात्रभर गाऊन पहाटे जीपमध्ये बसून पुढच्या गावी जाणारी अभिनेत्री या संहितेच्या लेखी कोण आहे, हे विचारावयास हवे. तिच्यासाठी कपडे बदलण्याची बंदिस्त जागा, स्वच्छतागृह आणि सुरक्षित परतीचा प्रवास हे प्रश्न अनुदानाच्याही आधीचे आहेत, आणि ते सोडवण्यास फार पैसाही लागत नाही.

दुसरी विसंगती ध्वनिप्रदूषणाच्या नियमांची. २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते, तीही वर्षात पंधरा दिवसांपुरतीच. बंदिस्त सभागृहाला ही अडचण नाही. नियमामागचा हेतू चांगला आहे, रुग्णाला आणि विद्यार्थ्याला शांतता हवीच. परंतु ज्या गावात एकही बंदिस्त नाट्यगृह नाही आणि ज्या रात्री सारे गाव स्वखुशीने जागे असते, तेथे हाच नियम प्रत्येक प्रयोगाला स्थानिक अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपवतो. जे मर्जीने मिळते ते कधीही काढून घेता येते, आणि मर्जी फुकट मिळते असेही नाही. यावर उपाय दोनच : चार जिल्ह्यांसाठी नियमात स्पष्ट, मर्यादित अपवाद, किंवा तालुक्याच्या ठिकाणी परवडणाऱ्या भाड्याची सभागृहे. नाट्यप्रयोगाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर लागत नाही, तेव्हा कराची तक्रार येथे फारशी नाही. खरी अडचण परवानगीची आहे.

या रंगभूमीचे सगळेच गोड मानावे असे मात्र नाही. पुष्कळ नाटकांत स्त्री अजून कुंकवाच्या आणि सोसण्याच्या चौकटीतच आहे. नायक दारू सोडतो तो बहिणीच्या अश्रूंनी, आणि सावकाराचा अंत होतो तो एका माणसाच्या पश्चात्तापाने. सावकारी तशीच राहते. याशिवाय अलीकडे नुसत्या नाचगाण्याचे कार्यक्रम स्वस्तात रात्र भरून देऊ लागले आहेत आणि काही गावे नाटकाऐवजी ते पत्करतात. त्यावर नीतीची व्याख्याने देऊन काही होणार नाही. गावच्या मंडळाला तोट्याची धास्ती असते, म्हणून ते खात्रीचा माल घेते. धास्ती कमी झाली तर निवड बदलू शकेल. हुंड्यावर, अंधश्रद्धेवर, व्यसनावर लिहिलेली नाटके याच मांडवांत चालली आहेत. प्रेक्षक अशा विषयाला नाही म्हणत नाही, तो कंटाळवाण्या नाटकाला नाही म्हणतो.

येत्या हंगामात कार्यकर्त्यांना करता येण्याजोगे काम थोडे आहे, पण ते ठोस आहे. गावचे मंडळ आणि नाट्यमंडळ यांच्यात एक पानी लेखी करार व्हावा. त्यात पावसाने किंवा गावातल्या मृत्यूने रात्र रद्द झाली तर बयाण्याचे काय, नटांना किमान किती मानधन, आणि ते कोणाच्या हाती व केव्हा, एवढी तीन कलमे असली तरी पुष्कळ झाले. ज्यांची नोंदणी राहिली आहे अशा कलावंतांची असंघटित कामगार म्हणून ई-श्रमवर नोंद करून घ्यावी. ऑगस्ट २०२१ पासून ती सोय उपलब्ध आहे. प्रत्येक प्रयोगाच्या नफ्यातून ठरावीक वाटा बाजूला काढून तालुक्याचा एक सामाईक निधी उभारता येईल काय, याची गावोगावच्या मंडळांशी बोलणी करावी. सहकाराची भाषा या भागाला नवी नाही, आणि नाटकाचा हिशेब गावासमोर वाचून दाखवण्याची प्रथा जेथे आहे तेथे हे काम अर्धे झालेलेच आहे. ही बोलणी मंडई सुरू झाल्यावर करून उपयोग नाही, कारण भाऊबीजेच्या आधीच बहुतेक चांगल्या रात्रींचे बयाणे वडशाच्या कार्यालयांत जमा झालेले असतात.