नववीचा पट



आपण मला जिल्ह्याच्या मुख्याध्यापक संघाच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद दिलंत.  अधिवेशनाचा विषय आहे ‘माध्यमिक शाळा : मूल्ये, यश आणि समाजाचा सहभाग’. अध्यक्षाने तिन्हींचा आढावा घ्यावा ही आपली प्रथा आहे, म्हणून सुरुवात आढाव्याने करते.

१८८० साली पुण्यात चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. आपल्या माणसांनी आपल्या बळावर माध्यमिक शाळा चालवायची, ही हिंमत तिथे दिसली. दोनच वर्षांनी महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. शेतकऱ्याच्या घामातून सरकारचा महसूल उभा राहतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, ही त्यातली तक्रार. त्या तक्रारीला कृतीने उत्तर दिलं ते कर्मवीर भाऊराव पाटलांनी. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ साली साताऱ्याचं वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसली. पुढे १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल उघडलं आणि ‘कमवा आणि शिका’ माध्यमिक शाळेत आलं. १९५४ मध्ये बापूजी साळुंख्यांनी कोल्हापुरात स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था काढली. मग गावोगाव हायस्कुलं झाली. कुणी जागा दिली, कुणी वासे दिले, बाकीच्यांनी पाया खणला.

आढाव्याचा पुढचा भाग छापील प्रतीत आहे, तो सवडीने वाचावा. या व्यासपीठावरून बोलायची संधी मला पुन्हा मिळेल असं नाही, आणि एक गोष्ट मी बरीच वर्षं मनात धरून आहे. आज ती बोलणार आहे.

मला बोलायचं आहे नववीबद्दल.

आपल्या बहुतेक शाळांच्या फाटकावर जूनपासून एक फलक लागतो. त्यावर पहिल्या तीन मुलांचे फोटो, त्यांच्या नावांपुढे शेकडेवारी आणि वर ठळक अक्षरांत ‘दहावीचा निकाल १०० टक्के’. त्या मुलांचं मला कौतुकच आहे. पण शंभर टक्के म्हणजे कशाचे? मार्चमध्ये जे नियमित विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसले, त्यांचे. जे बसलेच नाहीत, ते त्या हिशोबात कुठेच नाहीत. कुणाला बसू द्यायचं हे ठरतं त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल-मे महिन्यांत, मुख्याध्यापकांच्या खोलीत. पालकाला बोलावलं जातं. सांगितलं जातं, ‘पोराला नववी पास करतो, पण दाखला घेऊन जा. नाहीतर इथे नापास होईल. सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा.’ इथे बसलेल्या प्रत्येकाला हे वाक्य पाठ आहे. आपल्यापैकी अनेकांनी ते ऐकलं आहे आणि काहींनी उच्चारलंही आहे.

सतरा नंबरचा अर्ज मंडळाने ठेवला तो ज्यांची शाळा सुटली त्यांच्यासाठी. कामाला लागलेला तरुण, संसारात अडकलेली बाई, यांना परत येण्यासाठी ठेवलेली ती वाट आहे. तिचा मी आदरच करते. मंडळ खासगी विद्यार्थ्यांचा निकाल वेगळा काढतं, तो शाळेच्या टक्केवारीत धरला जात नाही. नेमकी हीच सोय हेरून आपण परत येण्याची वाट बाहेर घालवण्याची केली. चौदा-पंधरा वर्षांचं शाळेत येणारं पोर आपण आपल्या हाताने शाळाबाह्य करतो आणि फलक रंगवतो.

हे नववीतच का घडतं, याचंही कारण आहे. शिक्षणहक्क कायदा मुलाला सहा ते चौदा वर्षांपर्यंत हात देतो. प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, असं तो कायदा सांगतो. आठवी संपली की ते संरक्षण संपतं. दहावीला मंडळ बघतं आणि गावही बघतं. मधल्या नववीकडे बघणारं कुणी नाही. तिची परीक्षा शाळेची, निकाल शाळेचा, दाखल्यावर सहीही शाळेचीच.

मी अशा कितीतरी शाळांत तपासणी पथकाबरोबर गेले आहे. फलक वाचून झाला की मी लिपिकाला म्हणायची, दोन पट काढा. गेल्या मार्चमधला नववीचा आणि यंदाच्या जुलैमधला दहावीचा. ते शेजारी ठेवले की पुढे काही विचारावं लागत नसे. सगळे दाखले एकाच आठवड्यात दिलेले, आणि कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शेरा : ‘पालकांच्या विनंतीवरून’.

कालच्या चर्चासत्रात या प्रश्नाच्या कडेकडेने बरंच बोलणं झालं. एक सहकारी म्हणाले, पालकच निकाल बघून शाळा निवडतात. दुसरे म्हणाले, निकाल घसरला की पट घसरतो, पट घसरला की संचमान्यतेत पदं जातात आणि शिक्षक अतिरिक्त ठरतात. दोघांचं म्हणणं मी नीट ऐकलं. त्यांना मी माझ्या शाळेत घडलेलं सांगते.

माण-खटाव पट्ट्यातल्या एका शाळेत मी मुख्याध्यापिका होते. एका जूनमध्ये एक मेंढपाळ मुलाला घेऊन आला. हातात शेजारच्या गावच्या शाळेचा दाखला, नववी पास असा. मुलाचं गणित कच्चं होतं, हे त्याच्या वह्या चाळल्यावर पाच मिनिटांत कळलं. तो दाखला कसा आला तेही कळलं. माझे सहशिक्षक म्हणाले, ‘बाई, हा आपला निकाल पाडणार.’ मी त्याला प्रवेश दिला. त्याने निकाल पाडला. मार्चमध्ये गणितात गेला आणि आमच्या संस्थेच्या सभेत मला उभं करून खुलासा मागितला गेला. मी खुलासा दिला की मुलगा आमचा आहे आणि जुलैमध्ये पुन्हा बसेल. जुलैमध्ये तो सुटला.

त्या पावसाळ्याआधी त्याच्या वडिलांनी आमच्या शाळेच्या आवारात मेंढरं बसवली. आमच्या भागात शेतात मेंढरं बसवायची तर शेतकरी धान्य किंवा पैसे मोजतो, कारण लेंडीखतासारखं खत नाही. त्या माणसाने एक दाणा घेतला नाही. त्याच्या भावकीतल्या लोकांनीही आपापले कळप आणले. आम्ही लावलेल्या आणि दरवर्षी वाळणाऱ्या झाडांनी त्या आवारात पहिल्यांदा मूळ धरलं. त्यानंतरच्या जूनमध्ये त्यांच्या वाड्यांवरची मुलं पाचवीला आमच्याकडे आली, त्यात मुली बऱ्याच होत्या. संचमान्यतेची काळजी करणाऱ्या सहकाऱ्यांना माझं उत्तर हे आहे. आमचा पट घसरलेल्या निकालाने वाढला. ‘तिथे पोराला हाकलत नाहीत’ एवढंच लोकांनी एकमेकांना सांगितलं होतं.

तिसरा मुद्दा एका तरुण मुख्याध्यापकांनी मांडला. आठवीपर्यंत ढकलत आलेली मुलं आमच्या गळ्यात पडतात, वाचताही येत नाही त्यांना, आम्ही काय करायचं? प्रश्न खरा आहे. आमच्या शाळेत मराठीच्या एका बाईंनी नववीतल्या अशा मुलांना पाचवीच्या वर्गाचं वाचन घ्यायला लावलं. रोज शाळा भरण्याआधी अर्धा तास. पाचवीच्या पोरांसमोर अडखळायला नको म्हणून ही मोठी मुलं आदल्या रात्री तो धडा घरी वाचून यायची. ज्यांना त्यांच्या वर्गात वाचायला उठवलं की मान खाली जायची, ती दिवाळीपर्यंत लहानांना उच्चार सांगू लागली. याला परिपत्रक लागलं नाही, अनुदान लागलं नाही. त्या बाई मात्र तेवढ्यासाठी लवकरची एसटी धरून यायच्या.

आणि ज्यांना वाटतं की कच्च्या मुलाच्या भल्यासाठीच सतरा नंबर, त्यांनी मुलींचा विचार करावा. मुलगा बाहेरून बसतो तेव्हा निदान गॅरेजला किंवा रानात जातो, चार माणसांत असतो. मुलीच्या हातात दाखला पडला की तिचं घराबाहेर पडणंच बंद होतं. दुसऱ्या एका शाळेतून अशीच बाहेर पडलेली एक मुलगी माझ्याकडे आली होती. फॉर्म बाहेरून भरला आहे, पण वर्गात मागे बसू देता का, एवढंच तिला विचारायचं होतं. मी तिला बसवून घेतलं. दोन महिने ती आली. पुढे आली नाही. आम्ही घरी गेलो तेव्हा साखरपुडा झालेला होता. वय सांगून, कायदा सांगून, ग्रामसेवकांना घेऊन ते लग्न त्या वर्षी आम्ही थांबवलं, पण मुलगी मामाच्या गावी पाठवली गेली आणि परीक्षेला बसली नाही. तिला आधीच्या शाळेने ठेवून घेतलं असतं, तर रोज दहा वाजता घरातून निघायला तिच्याकडे कारण होतं. शाळेच्या हजेरीपटावर नाव असणं हे आपल्या मुलींना किती मोठं कवच आहे, हे आपल्याला ठाऊक आहे आणि तरी आपण ते काढून घेतो.

आता मूल्यांकडे येते. वक्तशीरपणापासून सौजन्यशीलतेपर्यंत दहा मूल्यं आपल्या भिंतींवर लिहिलेली आहेत. परिपाठात आपण ती म्हणून घेतो. परिपाठाला माझा विरोध नाही, मी तो जन्मभर मनापासून घेतला. पण दहावीच्या पहिल्या दिवशी वर्गात शिरणाऱ्या मुलांना कोण आलं नाही ते लगेच दिसतं. आपला बाकावरचा जोडीदार कुठे गेला आणि का गेला, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. राहिलेली मुलं तिथे संवेदनशीलतेचा धडा घेतात, आणि तो वर्षभराच्या परिपाठापेक्षा जास्त टिकतो. पहिल्या आलेल्या मुलीलासुद्धा त्या दिवशी कळतं की आपणही इथे गुणांपुरतेच आहोत.

समाजाच्या सहभागाबद्दल आपण तक्रार करतो की लोक पूर्वीसारखे शाळेसाठी धावत नाहीत. खाशाबा जाधवांची हकिगत आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावा आला. पदक नव्हतं. तरी १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. प्राचार्यांनी घर आधी गहाण टाकलं, पदक नंतर आलं. पदकाची हमी मागून त्यांनी पैसे दिले नव्हते. साताऱ्याच्या वसतिगृहात पोरांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी मंगळसूत्र मोडलं, तेव्हा त्यांनी कुणाची गुणपत्रिका मागितली होती? लोक शाळेला आपलं मानत होते, कारण शाळा त्यांच्या सगळ्या पोरांना आपलं मानत होती. आज गावातल्या निम्म्या घरांना शाळेने कधी ना कधी दाराबाहेर उभं केलं आहे. ती घरं श्रमदानाला का येतील?

यशाचा हिशोब बदला, ही माझी मागणी आहे. ज्या जूनमध्ये मुलं आठवीत आली, तो पट घ्या. त्यातली किती मुलं आपल्याच शाळेतून दहावीला बसली आणि किती उत्तीर्ण झाली, हे त्याच फलकावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहा. बदली झाली, कुटुंब ऊसतोडीला गेलं, तेही लिहा. पुरवणी परीक्षेत सुटलेल्या मुलांची नावं वेगळ्या चौकटीत नकोत, बरोबरीने लिहा. असा फलक लावणाऱ्या शाळेची टक्केवारी शंभर नसेल, आणि तिच्या मुख्याध्यापकाला संस्थेच्या सभेत उत्तर द्यावं लागेल. त्या वेळी संघाने त्याच्या पाठीशी उभं राहावं. कसं, ते कार्यकारिणीने बसून ठरवावं. नववीसाठी वाचन आणि गणिताचा एखादा सामायिक उपक्रम आखावा, दाखल्यांच्या नोंदी तालुकावार पाहायला एक समिती करावी, मंडळाशीही बोलावं. तपशील माझ्याकडे तयार नाही. ते काम वर्गात उभ्या असलेल्या तुम्हा मंडळींचं आहे.

ठरावाचा मसुदा मी कार्यवाहांकडे दिला आहे. नववीतल्या मुलाला दाखल्याच्या अटीवर पास करणार नाही, असं या संघाचा प्रत्येक सभासद लेखी देईल, एवढाच तो आहे. गेल्या काही अधिवेशनांत हा विषय ‘वेळेअभावी’ पुढे ढकलला गेला. आज अध्यक्ष म्हणून तो दुपारच्या सत्रात पहिला घेण्याचा अधिकार माझा आहे आणि मी तो वापरते आहे. विरोधात बोलणाऱ्यांना पूर्ण वेळ मिळेल. त्यांनी फक्त आपल्या शाळेचे ते दोन पट बरोबर घेऊन व्यासपीठावर यावं. मतदान आवाजी होणार नाही, नावं पुकारून होईल.