निजलेल्या कुत्र्याचे श्वास



इ. स. १९०९ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटींत एक चमत्कारिक देखावा जमलेल्या मंडळींनीं पाहिला. ऑगस्टस वॉलर या शास्त्रज्ञाचा जिमी नांवाचा बुलडॉग खाऱ्या पाण्याच्या भांड्यांत पाय बुडवून शांतपणें उभा होता, आणि त्याच्या हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर उत्पन्न होणारी सूक्ष्म वीज यंत्रावर उमटत होती. यांत कुत्र्याचा छळ होतो कीं काय, असा प्रश्न थेट ब्रिटिश पार्लमेंटांत निघाला. भांड्यांत साधें मिठाचें पाणी होतें, असा खुलासा सरकारतर्फें झाला आणि वाद मिटला. ज्या विद्येचें प्रात्यक्षिक त्या दिवशीं एका कुत्र्यानें जगास दाखविलें, ती आज मनुष्याइतकीच कुत्र्यांच्याही कामीं येते. मात्र त्यासाठीं कुत्र्याला वेळेवर वैद्याकडे न्यावें लागतें. हें ‘वेळेवर’ म्हणजे केव्हां, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

हा विषय मीं पुस्तकांतून प्रथम शिकलों नाहीं. आमच्या घरीं मोती नांवाचा पांढरा स्पिट्झ होता. दहाव्या वर्षीं तो रात्रीं खोकूं लागला. कोणी म्हणालें, घशांत केंस अडकला असेल. कोणी म्हणालें, आतां वय झालें. आम्हांला हें दुसरें निदान सोयीचें वाटलें, कारण म्हातारपणावर उपाय करावा लागत नाहीं. चार महिन्यांनीं एका मध्यरात्रीं तो मान पुढें ताणून, पुढचे पाय फांकवून बसला. कांहीं केल्या आडवा होईना. पहांटे इस्पितळांत नेलें, तेव्हां फुप्फुसांत पाणी भरलें होतें. तिसऱ्या दिवशीं तो गेला. तेथील डॉक्टरांनीं एकच प्रश्न विचारला होता : “याच्या छातीला यापूर्वीं नळी केव्हां लावली होती?” दरसाल शिबिरांत नेऊन आम्हीं त्याला लस टोंचवीत होतों, पण त्याचें हृदय कोणी ऐकलें आहे काय, हें मला सांगतां येईना.

मोतीला झालेला विकार कुत्र्यांच्या हृद्रोगांत सर्वांत अधिक आढळणारा आहे. हृदयाच्या डाव्या बाजूस वरच्या व खालच्या कप्प्यांमध्यें एक झडप असते. रक्त खालीं उतरूं द्यावें, वर परत फिरूं देऊं नये, हें तिचें काम. लहान जातींच्या कुत्र्यांत उतारवयाकडे ही झडप जाड व वेडीवांकडी होते आणि नीट मिटत नाहीं. प्रत्येक ठोक्याला थोडें रक्त मागें उसळतें. हा उलटा प्रवाह नळींतून फुसफुस असा ऐकूं येतो. त्यास मर्मर म्हणतात. पॉमेरेनियन, डॅक्सहुंड, पूडल, आणि सर्वांहून अधिक कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल, या जातींच्या मालकांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

आतां मुद्द्याची गोष्ट अशी, कीं मर्मर ऐकूं येऊं लागल्यापासून दम लागेपर्यंत बहुधा कित्येक वर्षें जातात, आणि कित्येक कुत्र्यांच्या बाबतींत तर ती वेळ येतच नाहीं. या अवधींत कुत्रा खातो, खेळतो, दाराशीं येणाऱ्यावर भुंकतो. घरच्यांना कांहींच दिसत नाहीं. हृदय मात्र वाढीव काम मुकाट्यानें उरकीत असतें आणि त्यापायीं हळूहळू मोठें होत जातें. म्हणून सात-आठ वर्षांच्या लहान कुत्र्याची छाती वर्षांतून एकदां तरी पशुवैद्याकडून नळीनें ऐकवून घ्यावी. या तपासणीला चार-पांच मिनिटें पुरतात.

मर्मर आहे असें कळल्यावर घाबरून जाण्याचें कारण नाहीं, तसेंच लगेच औषधाचा आग्रह धरण्याचेंही नाहीं. अमेरिकेंतील पशुवैद्यक तज्ज्ञांनीं २००९ सालीं या रोगाच्या पायऱ्या आंखून दिल्या व २०१९ सालीं त्या सुधारल्या. त्यांत लक्षणें नसलेल्या कुत्र्यांचे दोन वर्ग आहेत : ज्यांचें हृदय अद्याप वाढलेलें नाहीं ते, आणि ज्यांचें ठराविक मापापलीकडे वाढलें आहे ते. पहिल्या वर्गास औषध नको. सहा महिन्यांनीं किंवा वर्षानें पुन्हां तपासणी पुरे. दुसऱ्या वर्गास मात्र औषधाचा खरोखर उपयोग होतो. हे दोन वर्ग नुसत्या कानानें निवडतां येत नाहींत. त्यासाठीं छातीचें क्ष-किरण चित्र, आणि शक्य तेथें ध्वनिलहरींनीं काढलेलें हृदयाचें चित्र, ज्यास इको म्हणतात, तें लागतें.

या औषधाचें नांव पिमोबेंडन. तें हृदयाच्या आकुंचनास जोर देतें व रक्तवाहिन्या सैल करून त्याचें ओझें हलकें करतें. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत ११ देशांतील ३६० कुत्रीं होतीं. सर्वांचें हृदय वाढलेलें, पण लक्षण एकही नाहीं. निम्म्यांना हें औषध दिलें, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. हृदय हार खाईपर्यंतचा मध्यम काळ औषधाविना ७६६ दिवस, औषधानें १२२८ दिवस भरला. म्हणजे सुमारें पंधरा महिन्यांचें सुखाचें आयुष्य! झडप या औषधानें दुरुस्त होत नाहीं. पण कुत्र्याच्या आयुष्यांत पंधरा महिने थोडे नव्हेत.

मोठ्या जातींचें दुखणें निराळें आहे. डॉबरमनमध्यें झडपेऐवजीं हृदयाचा स्नायूच दुबळा होतो, आणि तेथें मर्मर ऐकूं येईलच असें नाहीं. कित्येकदां पहिलें चिन्ह म्हणजे एकाएकीं मूर्च्छा किंवा मृत्यु. यास्तव डॉबरमनचें हृदय तिसऱ्या वर्षापासून दरसाल तपासावें : इको, आणि चोवीस तास अंगावर यंत्र बांधून घेतलेला विद्युत्-आलेख. येथेंही, २०१२ सालच्या प्रयोगांत, तेंच औषध लक्षणांपूर्वीं सुरू केल्यानें रोगाचा उघड हल्ला सुमारें नऊ महिने लांबला.

यंत्रें वैद्याकडे असतात. पण एक तपासणी अशी आहे, कीं ती घरांतल्या माणसाइतकी चांगली कोणासच करतां येणार नाहीं. कुत्रा गार जागीं गाढ झोंपला असतां त्याच्या कुशीकडे पाहावें. छाती एकदां वर येऊन खालीं गेली कीं एक श्वास. घड्याळ लावून पुरें एक मिनिट मोजावें. पाय हालत असतील, स्वप्न चाललें असेल, तर थांबावें. निरोगी कुत्र्याचे श्वास झोंपेंत मिनिटाला तिसांच्या आंत असतात, बहुधा बरेच कमी. मर्मर असलेल्या कुत्र्याचा हा आंकडा रोज भिंतीवरील दिनदर्शिकेंत लिहून ठेवावा. तो तिसांपलीकडे गेला तर थोड्या वेळानें पुन्हां मोजावा. तसाच राहिला तर त्याच दिवशीं वैद्य गांठावा. फुप्फुसांत पाणी सांचूं लागल्याची सूचना खोकल्याच्या आधींही या आंकड्यांत मिळूं शकते. खोकल्याची किंवा चक्करेची उबळ दिसलीच, तर खिशांतल्या मोबाइलवर तिचें चित्रण करावें. वर्णनापेक्षां तें वैद्यास अधिक सांगतें.

पथ्याचे दोन शब्द. पापड, लोणचें, खारीं बिस्किटें, हे लाड बंद करावे. वजन वाढूं देऊं नये. पण उपासही घडवूं नये, कारण हृद्रोगी कुत्र्याचें मांस झडणें हें वाईट लक्षण होय. फिरणें बंद करूं नये. दुपारचें ऊन मात्र टाळावें. आणि घरांतील आजोबांच्या हृदयाच्या गोळ्या, मात्रा निम्मी करून कां होईना, आपल्या मनानें कुत्र्याला कदापि देऊं नयेत.

मोतीनंतर दोन वर्षांनीं आमच्या घरीं चिंगी आली. आठव्या वर्षीं तिच्या छातींत मर्मर ऐकूं आली. दहाव्या वर्षीं हृदय वाढल्याचें दिसून औषध सुरू झालें. आज ती बारा वर्षांची आहे. रोज रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं माझी पत्नी तिच्याशेजारीं जमिनीवर बसून श्वास मोजते. काल रात्रीं ते एकवीस भरले.

आपल्याही घरीं कोणी पायाशीं निजत असेल, तर आज रात्रीं एक मिनिट त्याला द्या.