गुलाब परदेशी जातो तेव्हा

मी बचत गटांची समन्वयक. जानेवारीत तळेगावजवळच्या एका गावात आमच्या गटाची बैठक होती. गटातल्या निम्म्या जणी फुलांच्या पॉलिहाऊसमध्ये कामाला जातात. एकीचे हात काट्यांनी ओरबाडलेले होते. ती म्हणाली, "ताई, आम्ही तोडलेला गुलाब परदेशात जातो म्हणे. तिथं त्याचं काय होतं?" मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. मग मी माहिती काढली. तीच आज सांगते.

मावळातल्या गुलाबाची मोठी घाई १४ फेब्रुवारीच्या व्हॅलेंटाईन डेसाठी असते. कळी घट्ट असतानाच तोडायची, लगेच पाण्यात ठेवायची, मग शीतगृह. दांड्याच्या लांबीप्रमाणे प्रतवारी, वीस-वीसची जुडी, खोका आणि विमान. तोडलेलं फूल म्हणजे नासणारा माल. दुधासारखाच. एक दिवस उशीर झाला की भाव उतरला.

जगातला फुलांचा सगळ्यात मोठा लिलाव नेदरलँड्समध्ये, आल्समेर या गावी भरतो. आपल्याकडे लिलावात बोली चढत जाते. तिथे उलटं. भाव वरून सुरू होतो आणि झरझर खाली येतो. जो व्यापारी आधी बटण दाबेल, त्याचा माल. काही सेकंदांत सौदा होतो, कारण फूल थांबत नाही.

आणि गंमत म्हणजे हा बाजार कुणा शेठजीचा नाही. फूल उत्पादकांनीच तो उभा केला. आल्समेरमध्ये आधी दोन लिलाव होते, १९६८ साली ते एक झाले. आजही त्याची मालकी उत्पादकांच्या सहकारी संस्थेकडे आहे. आपल्या दूध संघासारखंच म्हणा ना.

पण तिथे मालक आहेत ते बागायतदार. फूल तोडणाऱ्या बाईचं काय? त्यासाठी आफ्रिकेतल्या केनियाकडे बघायला हवं. युरोपात विकले जाणारे कितीतरी गुलाब तिथल्या नैवाशा सरोवराकाठी पिकतात. उंचावरची थंड हवा, बारा महिने ऊन. तोडणीला आणि जुड्या बांधायला बायकाच जास्त. आपल्यासारख्याच.

एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमध्ये ज्वालामुखी फुटला. राखेमुळे युरोपातली विमानं काही दिवस बंद पडली. ज्वालामुखी कुठे आणि नैवाशा कुठे! पण केनियातली फुलं टोपल्यांनी फेकावी लागली आणि हजारो मजुरांना घरी बसावं लागलं. पुन्हा मार्च २०२० मध्ये करोना आला. तेव्हा आल्समेरच्या लिलावातही फुलांचे ढीग नष्ट केले, आणि आपल्या मावळातही उभी फुलं तोडून टाकावी लागली.

त्या वेळी आमच्या गटातल्या सहा जणींचं काम एका दिवसात थांबलं. आदल्या आठवड्याचा रोजसुद्धा हाती आला नव्हता. किराणा भरला तो गटाच्या कर्जातून. शंभर-शंभर रुपयांनी साठवलेले पैसे होते ते. ज्या बाईने "माझ्याच्याने दर महिन्याला जमत नाही" म्हणून गट सोडला होता, तीही तेव्हा दारात आली. आम्ही तिला परत पाठवलं नाही.

केनियातल्या बायकांचेही असे गट असतात. त्यांना 'चामा' म्हणतात. दर महिन्याला वर्गणी, आळीपाळीने एकीला रक्कम. आपली भिशीच! भाषा वेगळी, पण गरज तीच.

म्हणून माझं सांगणं एवढंच. विमान उडेल की नाही, भाव किती येईल, हे आपल्या हातात नाही. पण काही गोष्टी आहेत. आपल्या हजेरीची नोंद आपल्या वहीत ठेवा. हातमोजे मागा. औषध फवारल्यावर किती वेळाने आत जायचं, ते विचारल्याशिवाय आत जाऊ नका. एकटीने विचारायला भीती वाटते, तर चौघी मिळून विचारा. आणि गटात अडीनडीसाठी वेगळी रक्कम बाजूला काढा. आम्ही तेव्हापासून महिन्याला वीस रुपये जादा काढतो.

त्या ताईला मी हे सगळं सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "म्हणजे गुलाब आपल्याहून जास्त फिरतो की!" मग तिने वीस रुपये वहीवर ठेवले.