ओळख, पत आणि नेतृत्व

(विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



महाविद्यालयाचे शेवटचे वर्ष उजाडले की घरोघरी एक प्रश्न हमखास विचारला जातो : 'तिथे कुणाची ओळख आहे का?' पिंपरी-चिंचवडमध्ये तो अधिकच ऐकू येतो, कारण येथे कारखान्यांची वाण नाही. 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यावर भोसरी-चिंचवडच्या माळरानावर यंत्रांची घरघर सुरू झाली. कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणला 1999 मध्ये बजाज ऑटोचा, तर 2009 मध्ये मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवॅगन यांचे कारखाने सुरू झाले. इतके उद्योग हाकेच्या अंतरावर असूनही सामान्य घरातील विद्यार्थ्याला त्यांचे फाटक फार दूरचे वाटते. हे फाटक ओळखीनेच उघडते, हा समज सर्वस्वी खोटा नाही. परंतु अपुरा मात्र निश्चित आहे.

याच पिंपरीत घडलेले एक उदाहरण या संदर्भात मननीय आहे. 1974 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संगणकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजेच पुढे लेखिका म्हणून सर्वपरिचित झालेल्या सुधा मूर्ती, यांनी सूचनाफलकावर टेल्कोची जाहिरात पाहिली. कंपनीला हुशार व मेहनती अभियंते हवे होते; मात्र स्त्रियांनी अर्ज करू नये, अशी तळटीप होती. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटा यांना एक पोस्टकार्ड पाठवले. टेल्कोची धुरा सुमंत मुळगावकर यांच्याकडे आहे, हेही त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते. दहा दिवसांच्या आत तारेने मुलाखतीचे बोलावणे आले, तेही कंपनीच्या खर्चाने.

ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. ती सांगताना बहुधा धाडसाचेच कौतुक होते. परंतु विद्यार्थ्याने त्यातील तीन गोष्टी विशेष लक्षात घ्याव्यात.

पहिली गोष्ट पत्राच्या मांडणीची. राग मनात असूनही त्या पत्रात केवळ तक्रार नव्हती. टाटा समूहाने देशाच्या पायाभूत उद्योगांसाठी आणि उच्च शिक्षणासाठी केलेल्या कार्याची त्यात दखल होती. आणि मग, अशा संस्थेने स्त्री-पुरुष भेद कसा करावा, हा प्रश्न होता. समोरच्याच्याच उच्च मूल्यांना आवाहन करणे, हा नेतृत्वाचा पहिला गुण होय.

दुसरी गोष्ट योग्यतेची. पिंपरीतील मुलाखतीत, जे.आर.डीं.ना पत्र लिहिणारी मुलगी हीच, अशी कुजबूज झाली. तेव्हा मुलाखत केवळ तांत्रिक विषयावर व्हावी, अशी अपेक्षा त्यांनी व्यक्त केली आणि प्रश्नांची अचूक उत्तरे दिली. पत्राने दार उघडले. आत प्रवेश मिळाला तो विषयाच्या ज्ञानावर. पत्राच्या जागी काका, मामा किंवा समाजातील एखादे वजनदार गृहस्थ असते, तरी हा हिशेब बदलला नसता.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. कारखान्याच्या यंत्रशाळेत आजवर एकही स्त्री नेमलेली नाही, तुमच्यासारखीने संशोधनाकडे वळावे, असे त्यांना सौम्यपणे सुचवण्यात आले. कुठून तरी सुरुवात करावीच लागेल, अन्यथा तुमच्या कारखान्यात कधीच कोणी स्त्री काम करू शकणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. स्वतःसाठी दार उघडून घेणारा हुशार ठरतो. मागून येणाऱ्यांसाठी ते उघडे ठेवणारा नेता ठरतो.

व्यापारी पेढीवर 'पत' या शब्दाला भांडवलाहून अधिक किंमत असते. भोसरीतील लहान कारखानदारालाही ती ठाऊक आहे. मोठ्या कारखान्याला तो सुटे भाग पुरवतो, तेव्हा पहिली मागणी कदाचित ओळखीने मिळते. दुसरी मात्र माल ठरल्या दिवशी आणि ठरल्या मापाचा पोचला, तरच मिळते. विद्यार्थ्याच्या व्यावसायिक ओळखींचेही असेच आहे. भेटकार्डे गोळा केल्याने ओळख वाढत नाही. दिलेला शब्द पाळल्याने वाढते.

म्हणून विद्यार्थ्याने काही साध्या सवयी अंगी बाणवाव्यात. कारखाना पाहण्यास जाताना त्याचे उत्पादन कोणते, याची माहिती आधी करून घ्यावी. अनुभवी व्यक्तीस भेटल्यावर 'नोकरी मिळेल का?' असे विचारण्यापूर्वी तिच्या कामाविषयी एक नेमका प्रश्न विचारावा. पत्र असो वा ई-मेल. आपण कोण, काय शिकलो आणि काय हवे, हे पोस्टकार्डावर मावेल इतक्या शब्दांत लिहावे. भेटीनंतर दोन दिवसांत आभार मानावेत; पाठवतो म्हटलेला कागद पाठवावा. शिकाऊ उमेदवारी करताना यंत्रावरील अनुभवी कामगारालाही साहेबाइतकाच मान द्यावा, कारण यंत्राचा स्वभाव त्यालाच ठाऊक असतो. आणि स्वतःची निवड झाली, तर पुढील वर्षीच्या दोघा-चौघांना तयारीत मदत करावी.

टेल्को पुढे टाटा मोटर्स या नावाने ओळखली जाऊ लागली. 2022 च्या सुमारास याच कंपनीच्या पुण्यातील प्रकल्पात हॅरियर आणि सफारी या गाड्यांच्या जुळणीचा संपूर्ण विभाग स्त्रिया सांभाळू लागल्या. हे सारे एका पोस्टकार्डामुळे झाले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. त्यामागे अनेकांचे परिश्रम आहेत. परंतु जेथे कोणाचीच ओळख नव्हती, तेथे कुणीतरी प्रथम स्वतःची ओळख निर्माण करावी लागते. या सभागृहातील ज्या मुला-मुलींना आज वाटत असेल की आपले तिथे कोणी नाही, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : उद्या कुणाला तरी 'तिथे आपले कोणी आहे' असे म्हणता येईल, ते त्यांच्याचमुळे.